जुन्या मोटारीचे मूळ फायबर बॉनेट: दुरुस्तीची पद्धतशीर रीत

भारतात फायबरच्या बॉडीच्या मोटारी थोड्याच झाल्या आणि त्यांत सिपानी डॉल्फिनचे नाव आधी घ्यावे लागते. बंगळूरमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेली ही छोटी गाडी इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली होती. खाली लोखंडी चासी, वर फायबरग्लासची बॉडी आणि पुढे ८४८ सीसीचे इंजिन अशी तिची रचना होती. अमेरिकेत ही परंपरा त्याहून जुनी आहे. १९५३ च्या पहिल्या शेव्हरले कॉर्व्हेटची सगळी बॉडीच फायबरची होती, आणि १९६९ साली प्लिमथ रोड रनर व डॉज सुपर बी या गाड्यांच्या एका खास आवृत्तीला बिजागर नसलेले, चार पिनांवर बसणारे आणि उघडायचे म्हणजे उचलून बाजूलाच ठेवावे लागणारे फायबरचे बॉनेट दिलेले होते. गाडी बंगळूरची असो की डेट्रॉइटची, बॉनेट पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि काचतंतूंचे असेल तर ते सावरण्याची रीत सारखीच राहते. पुढील विवेचन डॉल्फिनसारखी गाडी समोर ठेवून आणि मराठवाड्याची हवा, पाणी व इथे मिळणारे कारागीर गृहीत धरून केले आहे.

पत्र्याचे बॉनेट ठोकून सरळ करता येते, तापवून ओढता येते, वेल्डिंगने जोडता येते. फायबरला यांपैकी काहीच चालत नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या बहुतेक कारागिरांचा हात पत्र्यावर बसलेला असल्यामुळे फायबरच्या तड्यावरही ते पुट्टी ओढून, घासून, रंग मारून गाडी परत देतात, आणि तोच तडा पुढच्या उन्हाळ्यात त्याच रेषेवर पुन्हा उघडतो. म्हणून काम कोणाकडे द्यायचे, हे आधी ठरवावे. माझे मत असे की बॉनेटची बांधणी, म्हणजे तडे, भोके आणि बिजागरांच्या जागा, कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या किंवा मूर्ती करणाऱ्या फायबर कारागिराच्या हाताखाली अथवा स्वतः करावी, आणि केवळ शेवटचा रंग पेंटरकडे सोपवावा. मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन रोज हाताळणारा माणूस मोटारीचे काम कधी केलेले नसले तरी पत्र्याच्या कारागिरापेक्षा या कामाला अधिक उपयोगी पडतो. त्याला केवळ मोटारीच्या पृष्ठभागाला लागणारा नेमकेपणा समजावून सांगावा लागतो.

नवे बॉनेट साच्यातून काढून घेणे सोपे आणि कित्येकदा स्वस्तही पडते. तरीही मूळ बॉनेट वाचवावे, कारण त्याची जाडी, खालच्या बाजूच्या मॅटचा पोत, कडांची वळणे आणि कारखान्यातल्या खुणा नकलेत उतरत नाहीत. शिवाय मूळ भाग त्या गाडीच्या फेंडरांशी आणि बिजागरांशी आधीच जुळलेला असतो, तर नवा भाग बसवताना फटी जुळवण्यातच अर्धे काम जाते.

तपासणी

बॉनेट काढण्यापूर्वी ते गाडीवर बसलेले असतानाच चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि बिजागरांच्या बोल्टांभोवती पेन्सिलीने रेषा आखाव्यात. त्यानंतर बॉनेट काढून सतरंजी घातलेल्या टेबलावर उलटे ठेवावे. भिंतीला टेकवून ठेवण्याची सवय मोडावी. उन्हाने तापलेल्या शेडमध्ये आठवडाभर तिरके टेकवलेले फायबर स्वतःच्या वजनाने वाकते आणि मग कडा जुळत नाहीत.

खालची बाजू पाहिली की बॉनेट कसे घडवले ते कळते. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीकडे मॅटचे तंतू दिसणारा खरखरीत पोत असेल तर ते साच्यावर हाताने थर देऊन केलेले आहे, आणि त्याच्या दर्शनी बाजूला साधारण अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट, म्हणजे तंतू नसलेल्या रेझिनचा गुळगुळीत थर, असणार. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील तर ते दाबसाच्यातून निघालेले आहे. खालच्या बाजूला भाग क्रमांक, कारागिराची पेन्सिलीची खूण किंवा साच्याची शिवण दिसली तर तिचे छायाचित्र घेऊन त्यावर टेप लावून टाकावा. पुढे गाडी प्रदर्शनात मांडायची झाली तर अस्सलपणाचा पुरावा म्हणून हीच खूण कामी येते.

मग रुपयाचे नाणे घेऊन संपूर्ण पृष्ठभाग हलकेच ठोकत जावे. निरोगी फायबर टणक आवाज देते. थर सुटलेले असतील तिथे आवाज बोदा येतो. बोद्या आवाजाच्या जागा खडूने गोल करून ठेवाव्यात. तडे तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. एका बिंदूपासून चहूकडे फुटलेला ताऱ्यासारखा तडा बहुधा खालून बसलेल्या धक्क्याचा असतो. बिजागर, खटका किंवा पिनेच्या भोकापासून निघणारा लांब तडा तिथल्या ताणामुळे पडतो. पृष्ठभागभर पसरलेले बारीक जाळे मात्र नुसत्या जेलकोटाचे किंवा जाड झालेल्या जुन्या रंगाचे असू शकते. तड्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी दाबून पाहावे. कडा एकमेकींपासून वर-खाली हलत असतील तर तडा आरपार आहे असे समजावे. कारण सापडल्याशिवाय कोणताही तडा भरू नये. वाकडे बिजागर, झिजलेला रबरी ठोकळा, अधिक घट्ट आवळलेला बोल्ट किंवा एकाच कोपऱ्यावर दाबून बॉनेट बंद करण्याची सवय यांतले जे असेल ते आधी दुरुस्त करावे लागते.

धुणे आणि रंग उतरवणे

घासण्याआधी धुणे हा क्रम उलटा होता कामा नये. बॉनेटच्या खालच्या बाजूला कित्येक वर्षांचे इंजिनचे तेल, काजळी आणि काळ्या मातीची धूळ यांचा थर असतो आणि तो तसाच घासला तर तेल काचतंतूंमध्ये आत ढकलले जाते. भांडी घासण्याच्या साबणाने दोन-तीनदा धुऊन, पूर्ण वाळवून, मग मेण व ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावे. कापड एकाच दिशेने ओढावे आणि वरचेवर बदलावे. तेल अगदी मुरलेली जागा काळसर आणि चिकट दिसत राहते. तिथले मटेरिअल स्वच्छ तंतू लागेपर्यंत घासून काढण्यावाचून उपाय नसतो.

रंग उतरवण्यासाठी पत्र्यावर वापरले जाणारे पेंट रिमूव्हर फायबरवर लावू नये. त्यातील तीव्र द्रावक पॉलिएस्टरलाच मऊ करते, आत मुरते आणि नंतर नव्या रंगाखालून फोडांच्या रूपाने बाहेर पडते. वाळूचा मारा जेलकोट फोडतो आणि हीट गनने थर सुटतात. उरतो तो घासण्याचा मार्ग. सुटणारे पापुद्रे धारदार पट्टीने आडव्या कोनात काढावेत, बाकीचा रंग ८० नंबरच्या घासपेपरने सुरू करून १५० नंबरवर थांबवावा आणि जेलकोटाचा रंग दिसू लागला की हात आवरावा. जेलकोट निघाला की खालचे तंतू उघडे पडतात, त्यांतून सूक्ष्म भोके दिसू लागतात आणि पुढचे काम दुप्पट होते. ग्राइंडरचा मोह कडांवर आणि उंचवट्यांच्या रेषांवर कटाक्षाने टाळावा; तिथे हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासावे.

काचेची धूळ कातडीला खाजवते आणि फुप्फुसांना त्याहून वाईट असते. पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि एन-९५ दर्जाचा मास्क घासताना आवश्यक आहे. रेझिनच्या वाफांना मात्र हा मास्क पुरत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. अंगावरची धूळ आधी थंड पाण्यानेच धुवावी.

रेझिन, हार्डनर आणि इथले ऊन

बॉनेटच्या साध्या तड्यांसाठी सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिन चालते, पण इंजिनची उष्णता आणि ऊन या दोन्हींचा विचार करता आयसोफ्थॅलिक प्रकारचे रेझिन मागून घ्यावे, कारण ते अधिक तापमानाला टिकते. बिजागरांच्या आणि खटक्याच्या जागी, जिथे सगळा भार एकवटतो, तिथे मी इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनला पसंती देतो. पूर्ण जमलेल्या जुन्या पॉलिएस्टरवर नवे पॉलिएस्टर जेवढे चिकटते त्यापेक्षा इपॉक्सी पुष्कळ अधिक चिकटते. त्याची एक अट लक्षात ठेवावी लागते. बाजारातील नेहमीच्या चॉप्ड (तुकड्या तंतूंच्या) मॅटमधले तंतू ज्या बंधकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सीमध्ये विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत मॅट न वापरता विणलेले काचकापड वापरावे. तसेच इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, त्यामुळे तिथे वरून इपॉक्सी प्रायमर आणि रंगच द्यावा.

आपल्याकडे दुकानांत पॉलिएस्टर रेझिन बहुधा तीन भागांत मिळते: रेझिन, जमण्याची क्रिया वेगाने करणारे जांभळट कोबाल्ट आणि रेझिन घट्ट करणारा एमईकेपी नावाचा हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे, आणि नंतरच, वापरण्याच्या क्षणी, लागेल तेवढ्या रेझिनमध्ये हार्डनर घालावा. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कपाटांत, सावलीत ठेवाव्यात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून चष्म्याशिवाय बाटली उघडू नये आणि थेंब गेलाच तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवत राहून लगेच डॉक्टर गाठावा.

प्रमाण वजनकाट्यावर आणि सिरिंजने मोजावे. शंभर ग्रॅम रेझिनला हार्डनर एक ते दीड ग्रॅम लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन जमण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे पंचवीस अंशांना वीस मिनिटे चालणारे मिश्रण एप्रिल-मे महिन्यांत, बेचाळीस अंशांच्या दुपारी, ब्रश मॅटवर टेकेपर्यंत डब्यातच दही लागल्यासारखे होऊन बसते. यावर हार्डनर एक टक्क्याखाली नेणे हा उपाय नव्हे, कारण मग रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही आणि कायमचे मऊ राहते. उन्हाळ्यात पहाटे काम उरकावे, एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच मिसळावे आणि ते खोल डब्याऐवजी पसरट भांड्यात घ्यावे. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मराठवाड्यातला या कामाचा खरा हंगाम आहे: हवा कोरडी असते आणि दुपार सौम्य असते. मात्र परभणीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी दहाच्या आधी रेझिन लावू नये. पावसाळ्यात हे काम शक्यतो हाती घेऊच नये. दमट हवा मॅटमध्ये ओल धरते आणि थर पुढे सुटतात.

उरलेले मिश्रण डब्यात जमताना इतके तापते की धूर निघतो. ते कचऱ्याच्या टोपलीत किंवा सरकीच्या पोत्यांजवळ न टाकता उघड्या जमिनीवर थंड होऊ द्यावे.

तडा भरण्याची रीत

आरपार तड्याची दुरुस्ती खालच्या बाजूने करावी, हे या सगळ्या कामातले मुख्य सूत्र आहे. असे केल्याने दर्शनी पृष्ठभागाला कमीत कमी हात लागतो आणि मजबुती जिथे हवी तिथे मिळते. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडून तडा पुढे जाण्यापासून थांबवावा. मग खालून तड्याच्या दोन्ही अंगांना उतार घासावा. हा उतार जाडीच्या बारापट असावा, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या बॉनेटला प्रत्येक बाजूला साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर. एवढी रुंदी अनेकांना अनावश्यक वाटते, पण नव्या-जुन्या फायबरची पकड याच उतारावर अवलंबून असते; अरुंद खाचेत भरलेले मटेरिअल म्हणजे नुसती पुट्टी होय.

वरून, दर्शनी बाजूने, तड्यावर मेण लावलेल्या सनमायकाची पट्टी गुळगुळीत बाजू आत करून टेपने घट्ट बसवावी. ती बॉनेटच्या वळणाप्रमाणे वाकते आणि रेझिन बाहेर ओघळू देत नाही. तुकडा निघून मोठे भोक पडले असेल तरी हीच युक्ती चालते. निघालेला तुकडा सापडला तर तो फेकू नये. कडांना उतार देऊन तोच पुन्हा बसवावा.

उतारावर ८० नंबरच्या पेपरचे ओरखडे ताजे असतानाच, त्याच दिवशी, एसीटोनने एकदा पुसून, ते पूर्ण उडाल्यावर रेझिनचा हात द्यावा. मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत, म्हणजे कडा विरळ राहून जुन्या पोतात मिसळतात. ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या मॅटचा एक थर भिजून साधारण एक मिलिमीटर जाडी देतो, त्यामुळे तीन थर पुरतात. सर्वांत मोठा तुकडा आधी आणि लहान नंतर, हा क्रम मी धरतो, कारण मोठा थर संपूर्ण उतारावर थेट चिकटतो आणि पुढे घासताना लांब तंतू कापले जात नाहीत. अनेक कारागीर उलट क्रम लावतात. ब्रश ओढू नये, टोचत जावे. पांढरा मॅट पारदर्शक झाला की तो भिजला असे समजून लोखंडी खाचांच्या रोलरने हवेचे बुडबुडे काढावेत. वजनाने मॅटच्या दोन ते अडीचपट रेझिन पुरते. त्याहून अधिक रेझिनने मजबुती वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो.

पॉलिएस्टरचा हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो. शेवटच्या थरावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले की तो कोरडा पिकतो आणि खालचा पोतही मूळच्या जवळ राहतो. दुसऱ्या दिवशी सनमायका काढून दर्शनी बाजूला तड्याची रेषा दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि जेलकोटाच्या खोलीएवढी उघडावी आणि तेवढीच जागा काचतंतू मिसळलेल्या पुट्टीने, तीवर बारीक पॉलिएस्टर पुट्टीने भरावी. एनसी (नायट्रोसेल्युलोजची) पुट्टी इथे वापरू नये. ती आक्रसते आणि तडकते.

थर सुटलेल्या, बोद्या आवाजाच्या जागी खालून दीड मिलिमीटरची दोन-तीन भोके पाडून सिरिंजने पातळ इपॉक्सी आत सोडावे आणि वर प्लॅस्टिक, सपाट फळी व वजन ठेवून रात्रभर दाबून धरावे.

बिजागरांच्या जागा

पुष्कळ जुन्या बॉनेटमध्ये बोल्ट धरणारी लोखंडी पट्टी फायबरच्या थरांत गाडलेली असते. ती गंजली की फुगते आणि भोवतालचे फायबर आतून फोडते. अशा ठिकाणी कितीही मॅट चढवली तरी तडा परत येणारच. पट्टी वरचे थर कापून बाहेर काढावी, त्याच मापाची स्टेनलेस स्टीलची पट्टी करून, तिला खरखरीत घासून, कडांना गोलाई देऊन इपॉक्सी आणि काचकापडात बसवावी. बोल्टांची भोके आधी आखलेल्या रेषांवरूनच घ्यावीत.

उन्हात पिकवणे

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. पॉलिएस्टर जमताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आक्रसते आणि ही क्रिया पुढेही मंदपणे चालू राहते. घाईने रंग मारला तर दुरुस्तीची चौकट पहिल्याच कडक उन्हात रंगाखालून उमटते, आणि काळा, लाल किंवा गडद निळा रंग असेल तर ती दुरूनही दिसते. म्हणून प्रायमरपूर्वी बॉनेट त्याच्या बिजागरांवर आणि रबरी ठोकळ्यांवर, म्हणजे गाडीवरच बसवून, आठवडाभर उन्हात उभे करावे. उष्णतेने रेझिन पूर्ण पिकते, जे आक्रसायचे ते आक्रसून घेते, आणि गाडीवर बसलेले असल्यामुळे आकार बिघडत नाही. थोडा पीळ बसलेले बॉनेटही याच वेळी कोपऱ्यावर वाळूच्या पिशव्या ठेवून सरळ करता येते. नंतर खालून काचकापडाची एखादी फासळी देऊन तो आकार कायम करावा. मराठवाड्याच्या उन्हाचा या कामात एवढाच फायदा आहे, पण तो मोठा आहे.

प्रायमर आणि रंग

यानंतर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर जाड थराचे सरफेसर (बारीक खळगे भरणारा प्रायमर) आणि वर काळ्या रंगाची विरळ फवारणी करून लांब ठोकळ्याने घासावे. काळा ठिपका राहिला तिथे खळगा आहे. ३२० आणि मग ६०० नंबर पुरेसे होतात. ओले घासणे प्रायमरचा सलग थर बसल्यावरच सुरू करावे, कारण उघडे तंतू पाणी शोषतात. बोअरचे पाणी मात्र वापरू नये. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड असते आणि वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग ठेवते, ज्यांवर रंग नीट धरत नाही. आरओचे एक-दोन जार या कामाला पुरतात.

दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असते आणि साधा मास्क त्याला अडवत नाही, म्हणून ही फवारणी योग्य बूथ असलेल्या पेंटरकडूनच करून घ्यावी. बूथचे तापमान साठ अंशांच्या वर नेऊ नये, हे त्याला आधीच सांगावे. मूळचा रंग बदलण्याचा विचार असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावर रंगाचा उल्लेख असतो हे ध्यानात घेऊन आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी. खालच्या बाजूला चकचकीत रंग मारू नये. मूळचा खरखरीत पोत तसाच ठेवून, कारखान्यातून काळा हात दिलेला असेल तरच पातळ मॅट काळा द्यावा.

बसवणी

बोल्टांखाली रुंद वॉशर घालून ते हाताने फिरतील तिथपर्यंत आवळावेत, फटी आधीच्या मापांशी ताडून पाहाव्यात आणि मगच पान्याने अर्धा-पाऊण फेरा द्यावा; पत्र्यासारखे करकचून आवळले की वॉशरखालचे फायबर चिरडते. रबरी ठोकळे नवे घालून त्यांची उंची अशी ठेवावी की बंद बॉनेट चारही कोपऱ्यांवर सारखे टेकेल आणि खटक्याला ते खाली ओढावे लागणार नाही. बॉनेट आपटून बंद न करता खटक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवून दाबावे. नव्या रंगावर पहिले दोन-तीन महिने मेण चढवू नये. गावाकडच्या रस्त्यांवर तीन-चारशे किलोमीटर झाले की बॉनेट उघडून बिजागरांभोवती बोट फिरवून पाहावे आणि नाण्याची चाचणी त्या दोन जागी पुन्हा घ्यावी. आवाज टणक असेल तर बोल्ट एकदा तपासून काम संपले असे समजावे.